काटा आणि करगोटा

आमच्या श्रीवर्धनला माणसांचं वजन करायची पद्धतच नव्हती. वजन व्हायचं ते सुपारीचं, तांदळाचं, गुळाचं. नारळ शेकड्यावर जायचे, मासळी वाट्यावर मिळायची आणि माणसं नजरेनं तोलली जायची. "बारीक झालीस गं!" नाहीतर "अंगावर आलीस की!" एवढे दोनच निकाल. त्यातला पहिला काळजीचा आणि दुसरा कौतुकाचा. लहान मुलांना तेवढं दवाखान्यात काट्यात घालायचे. मोठ्या माणसाचं वजन व्हायचं ते मुंबईला गेल्यावर, स्टेशनवरच्या त्या रंगीबेरंगी दिव्यांच्या मशीनवर. नाणं टाकलं की खटकन पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर यायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. आम्ही भविष्य आधी वाचायचो :)

त्यामुळे २०२३ च्या भाऊबीजेला दादाने ओवाळणीत वजनकाटा दिला तेव्हा घरात जो काही हशा पिकला, तो विचारू नका. साडी नाही, पाकीट नाही, वजनकाटा! आई म्हणाली, "अरे, बहिणीला असलं देतात का?" सासूबाईंनी (मी सध्या अलिबागजवळ सासरी असते, काटा तिथे आला) तो उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "यावर काय ठेवायचं?" मी म्हटलं, "स्वतःला."

दादाने तो गमतीत दिला नव्हता. त्यामागे बाबा होते. त्यांच्याबद्दल पुढे लिहितेच.

आधी काट्याची ओळख करून देते. दिसायला काचेचा चौकोन, वर धातूच्या चार पट्ट्या. अनवाणी उभं राहायचं. आधी वजन दिसतं, मग काही सेकंद तो विचार करतो आणि शरीरात चरबी किती टक्के ते सांगतो. याला म्हणे बाथरूम स्केल म्हणतात. आमच्या न्हाणीत ठेवला असता तर पाणी आणि खारी हवा मिळून त्याचं चार दिवसांत भजं झालं असतं. शिवाय आमची शहाबादी फरशी जागोजागी उंचसखल. काट्याच्या चारही पायांखाली वजन मोजणारे छोटे सेन्सर असतात. एक पाय जरा अधांतरी राहिला की आकडा चुकतो. एका सकाळी देवघराबाहेर मी ५२ किलो आणि स्वयंपाकघरात ५४ किलो भरले तेव्हा हे कळलं. आता पुढच्या खोलीत, जिथे नवीन टाइल्स आहेत, तिथे त्याची कायमची जागा आहे.

वजन कळतं हे ठीक, पण चरबी कशी कळते? मला हे फार गूढ वाटायचं. मग वाचलं. त्या पट्ट्यांमधून एका पायातून दुसऱ्या पायात अगदी क्षीण वीजप्रवाह जातो. आपल्याला जाणवतही नाही. आपल्या स्नायूंमध्ये पाणी भरपूर असतं आणि त्यात क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे तिथून वीज सहज जाते. चरबीत पाणी फार कमी, ती विजेला अडवते. किती अडथळा झाला ते काटा मोजतो आणि तुमची उंची, वय, तुम्ही बाई की पुरुष हे सगळं एका सूत्रात घालून टक्केवारी काढतो.

म्हणजे बघा, काटा वजन मोजतो, पण चरबीचा अंदाज करतो. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. खात्री करून घ्यायची म्हणून मी एक उद्योग केला. काट्यात माझी उंची खोटीच १० सेंटिमीटरने वाढवली आणि पुन्हा उभी राहिले. दोन मिनिटांत माझी चरबी चांगली कमी झाली! त्यात 'खेळाडू' असा एक पर्याय आहे, तो निवडल्यावर तर मी एकदम पी. टी. उषाच. शरीर तेच, पाय तेच, फक्त सूत्र बदललं.

आणखी एक गोष्ट. वीज एका पायातून वर जाऊन दुसऱ्या पायातून खाली येते. म्हणजे खरी मोजणी होते ती मुख्यतः पायांची. पोटाचं काय, ते सूत्रच ठरवतं. आमच्या सासूबाईंसारखं जन्मभर अनवाणी वावरून पायाला घट्टे पडलेले असतील तर तिथेही गडबड होते. कधीकधी काटा त्यांना टक्केवारी देतच नाही. "माझं त्याला काही कळत नाही," असं त्या अभिमानाने सांगतात.

(ज्यांच्या हृदयात पेसमेकर बसवला आहे त्यांनी या चरबीवाल्या काट्यावर उभं राहू नये आणि गरोदरपणीही तो वापरू नये असं सोबतच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. ते बारीक अक्षरात असतं म्हणून इथे लिहिलं.)

आता आकड्यांची गंमत. पहिले काही आठवडे मी रोज वहीत लिहीत होते. त्यातला एक आठवडा देते, सोमवारपासून: ५३.२, ५२.८, ५३.०, ५२.६, ५२.९, ५३.९, ५३.४. शुक्रवारी रात्री शेजारी हळद होती. तिथे भात, सुक्या बोंबलाची चटणी, पापड, लोणचं असं सगळं झालं. शनिवारी सकाळी वजन एक किलोने जास्त!

एक किलो चरबी अंगावर चढायची तर साधारण ७,७०० कॅलरी जास्तीच्या खाव्या लागतात. एका उकडीच्या मोदकाच्या दीड-दोनशे कॅलरी धरल्या तरी रोजच्या जेवणावर आणखी चाळीस-पन्नास मोदक. मी हळदीला गेले होते, बकासुराकडे नाही. मग तो किलो आला कुठून? तर मिठातून आणि भातातून. मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं. भातातली साखर शरीर साठवतं तेव्हा प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणीही साठवतं. शिवाय खाल्लेलं अजून पोटातच असतं. दोन दिवसांत सगळं जागेवर येतं.

हे सुपारीच्या माणसांना कळायला काहीच अवघड नाही. ओली सुपारी अंगणात महिना-दीड महिना वाळते आणि वजन कितीतरी उतरतं. म्हणून सुपारी चोरीला गेली असं कुणी म्हणत नाही. पाणी गेलं, बस. बोंबलाचंही तेच. ताजा बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच. बांबूच्या दांडीवर दोन-तीन उन्हं खाल्ली की टोपलीभराचे मूठभर होतात. रोजच्या वजनातली ही वरखाली बहुतेक पाण्याचीच असते.

म्हणून रोजच्या आकड्यावर हसू नये आणि रडूही नये. वरच्या सात आकड्यांची सरासरी येते ५३.१. पुढच्या आठवड्याची सरासरी ५३.० होती. म्हणजे काहीच घडलेलं नव्हतं! दिवसादिवसाकडे बघितलं असतं तर मात्र एक किलो 'वाढून' अर्धा किलो 'उतरला' होता. आता मी रोज सकाळी, चहाच्या आधी, पोट साफ झाल्यावर, त्याच टाइल्सवर उभी राहते, आकडा लिहिते आणि विसरते. रविवारी सरासरी काढते. समुद्राच्या काठी राहणाऱ्यांना सांगायला नको, एका लाटेवरून भरती की ओहोटी ते ठरत नाही.

चरबीची टक्केवारीही तशीच बघायची. आकडा खरा किती, यापेक्षा महिन्यांमागून महिने तो कुठल्या दिशेने जातो ते बघायचं. तोच काटा, तीच वेळ, तीच जागा. म्हणजे निदान चूक तरी दर वेळी एकसारखी होते.

आता बाबा.

बाबा म्हणजे काटक माणूस. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ५८ किलो. माझ्या लग्नात ५८, नातीच्या बारशाला ५८. तरुणपणी ते स्वतः पोफळीवर चढायचे. वर गेल्यावर झाड झुलवून शेजारची पोफळ धरायची आणि तिच्यावर जायचं. खाली उतरायचं ते दहाबारा झाडं संपवूनच. साठी उलटली तरी वाडीतलं शिंपणं, झाप ओढणं, सुपारी गोळा करणं सगळं चालू. त्यांना कुणी कधी "साखर तपासून घ्या" म्हटलं नाही. कोण म्हणणार? साखर होते ती ढेरीवाल्या शेटजींना, असंच सगळ्यांच्या डोक्यात.

मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धनला त्याने काय केलं ते तिथल्या माणसांना वेगळं सांगायला नको. दुपारच्या काही तासांत वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. आमच्या वाडीतल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या पडल्या होत्या. पोफळ लावली की फळायला पाच-सहा वर्षं तरी जातात. बाबांचं वय तेव्हा ६४. त्यांनी रोपं लावली, पण वाडीतलं रोजचं काम संपलं. सावली गेली, शिंपणं गेलं, चढणं तर आधीच सुटलं होतं. वर कोविडची टाळेबंदी. ते ओटीवर बसायला लागले. दिवसभर बसायचे. बोलायचेही कमी.

वजन? ५८.

पण त्यांच्या कमरेला करगोटा आहे. काळ्या दोऱ्याचा, आपल्याकडे घालतात तसा. तो जुना झाला की आई नवा बांधते. दोन बोटं आत जातील इतका सैल, ही तिची पद्धत. २०२१ मध्ये कधीतरी ती म्हणाली, "तुमचा करगोटा काचतोय हो," आणि तिने तो लांब केला. पुढच्या वर्षी पुन्हा. तिला त्यात वाईट काही वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. वादळानंतर नीट जेवत नव्हते, आता जरा अंग धरतायत असं तिला वाटलं. हात-पाय मात्र काटकुळे होत चालले होते.

२०२२ च्या हिवाळ्यात समुद्रावर खडकांत फिरताना कालवाची शिंप त्यांच्या पायाला लागली. लागल्याचं त्यांना कळलंच नाही! घरी आल्यावर आईला ओटीवर रक्त दिसलं. हळद लावली. आठ दिवस, पंधरा दिवस, जखम भरेना. मग दवाखाना, मग मोठा दवाखाना. उपाशीपोटी साखर अडीचशेच्या घरात. डॉक्टर म्हणाले, ही आजकालची नाही, काही वर्षांची आहे, पायातली संवेदना उगाच नाही गेली. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचा. "पण ते तर किती बारीक आहेत!"

त्या वाक्याने मला झोप येऊ दिली नाही. मग मी शोधायला लागले आणि उत्तर सापडलं ते अगदी जवळ, पुण्यात.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहाचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन. दोघांनी मिळून २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटंसं टिपण लिहिलं, सोबत दोघांचा फोटो. दोघांचा बीएमआय (म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) अगदी सारखा होता, २२.३. फोटोत दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी क्ष-किरणांच्या डेक्सा यंत्रावर मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! दोघांच्या आडनावाचं इंग्रजी आद्याक्षर 'वाय', म्हणून त्याला 'वाय-वाय पॅराडॉक्स' म्हणतात. एका नामवंत डॉक्टरांनी स्वतःचंच उदाहरण जगापुढे ठेवलं याचं मला फार कौतुक वाटलं.

याज्ञिकांच्या गटाचं काम त्याही आधीपासून चालू होतं. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा त्यांनी अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्माचं सरासरी वजन होतं २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं सगळीकडूनच लहान. पण कमी काय होतं, तर स्नायू आणि पोटातले अवयव. कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. वजनाला हलकं, तरी आतून चरबीचं. 'थिन-फॅट' बाळ. म्हणजे आपली ही ठेवण जन्मापासूनची. पिढ्यान्पिढ्या आयांचं अर्धपोटी राहणं आणि पोटुशीपणीही राबणं हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. बाळ मिळेल त्यातून आधी मेंदू आणि चरबी सांभाळतं, काटकसर होते ती स्नायूंमध्ये.

हे वाचल्यावर बाबांचं कोडं उलगडायला लागलं. जेवणानंतर रक्तात येणारी साखर सगळ्यात जास्त कोण घेतं? स्नायू. ते आपल्याकडे मुळातच बेताचे. वाडीतलं काम होतं तोवर बाबांनी ते कमावून ठेवले होते. काम सुटलं, स्नायू गळाले, त्यांच्या जागी पोटात, यकृताभोवती चरबी साठली. तीच चरबी इन्शुलिनचं काम बिघडवते. डॉक्टर म्हणाले तशी साखर आधीच असेलही, पण त्या दोन वर्षांनी तिला मोकळं रान मिळालं. किलोभर स्नायू गेले आणि किलोभर चरबी आली तर काट्यावर फरक किती? शून्य. बीएमआय किती? २०.५. कागदोपत्री ठणठणीत.

म्हणजे कुठलाही काटा बाबांना ५८ च सांगणार होता. खरी बातमी सांगत होता तो करगोटा.

बीएमआयलाही उगाच दोष नको. हे सूत्र १८३०च्या दशकात बेल्जियमच्या केटले नावाच्या गणितज्ञाने काढलं, तेही लोकसमूहांच्या अभ्यासासाठी. बीएमआय हे नाव तर त्याला १९७२ मध्ये मिळालं. एका माणसाच्या पोटात काय दडलंय हे सांगायला ते जन्मलंच नव्हतं. शिवाय आपल्यासाठी त्याच्या रेषाही वेगळ्या आहेत. जगात २५ च्या पुढे वजन जास्त मानतात. भारतातल्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये आपल्यासाठी ती रेषा २३ वर आणली आणि २५ ला लठ्ठपणा म्हटलं. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी, असंही सांगितलं.

देशभरातली पाहणीही हेच सांगते. आयसीएमआरच्या 'इंडियाब' अभ्यासाचे आकडे २०२३ मध्ये आले. बीएमआयने मोजलं तर लठ्ठ माणसं २८.६ टक्के. पोटाच्या घेराने मोजलं तर ३९.५ टक्के. या दोन आकड्यांच्या मध्ये जी माणसं आहेत ना, ती आमचे बाबा आहेत. काट्यावर पास, टेपवर नापास. त्याच अभ्यासात देशात मधुमेह असलेली माणसं १० कोटींच्या वर निघाली.

तर दादाने भाऊबीजेला चरबी सांगणारा काटा दिला तो यामुळे. नुसतं वजन सांगणारा निम्म्या किमतीत मिळत होता.

माझा पहिल्या दिवशीचा हिशेब असा होता. उंची १५२ सेंटिमीटर, वजन ५३, बीएमआय २२.९. म्हणजे २३ च्या आत, जेमतेम का होईना. चरबी ३४.६ टक्के! मला कुणी जन्मात जाडी म्हटलं नव्हतं. अंदाजात तीन-चार टक्क्यांची चूक धरली तरी आकडा काही शोभणारा नव्हता. मग शिवणाच्या डब्यातला टेप काढला. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता (हे सगळ्यात अवघड!) मोजलं. ८४.

दादाचं त्याच आठवड्यात फोनवर मोजून घेतलं. उंची १७०, वजन ६३, बीएमआय २१.८. कंबर? "नव्वदच्या आसपास." "आसपास म्हणजे?" "ब्याण्णव-त्र्याण्णव." दादा पनवेलला नोकरी करतो, दिवसभर खुर्चीत. त्याचे हात बघाल तर काड्या. तो स्वतः काटा वाटत फिरत होता, पण रक्त तपासायला तयार नव्हता. "मला काय झालंय? बाबांना झालं ते वादळामुळे." दोन महिने रोज फोन केला. शेवटी वहिनीने सकाळचा चहाच दिला नाही आणि उपाशीपोटी लॅबमध्ये नेऊन बसवलं. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी ६.२. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. वय ४४. (हे त्याच्या परवानगीने लिहिते आहे. "लिही, पण ढेरीचा फोटो टाकू नकोस," ही अट होती.)

उंबरठ्यावर म्हणजे आत नाही गेलेला. तिथून मागे फिरता येतं. बाबांना ती संधी मिळाली नाही, कारण उंबरठा कधी ओलांडला ते कुणाला दिसलंच नाही.

पुढे आम्ही काय केलं ते फार नवलाचं नाही. भात सोडला नाही. कोकणी माणसाला भात सोडायला सांगणं म्हणजे माशाला पाणी सोडायला सांगणं. पण ताटातला भाताचा डोंगर टेकडीएवढा केला, मासे, अंडी, कडवे वाल, मूग वाढवले. संध्याकाळी समुद्रावर चालायला लागले. ओल्या वाळूवर नाही, कोरड्या मऊ वाळूवर. पाय कसे भरून येतात ते करून बघा. आणि खुर्चीतून हात न टेकता उठायचं-बसायचं, दिवसातून पन्नास वेळा. सासूबाईंनी दोन दिवस हसून घेतलं, तिसऱ्या दिवसापासून त्याही करायला लागल्या. विहिरीचं पाणी ओढणं आणि पाटावरवंटा गेल्यापासून जे गेलं होतं, तेच आम्ही खुर्चीवर परत आणत होतो.

वर्षाने माझं वजन किती कमी झालं? फक्त १.४ किलो. केवळ वजन बघत बसले असते तर चार महिन्यांत कंटाळून काटा माळ्यावर टाकला असता. पण कंबर ८४ ची ७९ झाली आणि काट्याच्या अंदाजाने चरबी ३१ टक्क्यांवर आली. नाडीची गाठ पुढे बांधावी लागते आणि जिना चढताना धाप लागत नाही. दादाचं वजन तर एकाच किलोने उतरलं, कंबर ९३ ची ८८ आणि एचबीए१सी ५.८. अजून उंबरठ्यावरच आहे, पण पाठ फिरवून.

एक गोष्ट मात्र घरात पहिल्या महिन्यातच ठरवून टाकली. लेक तेव्हा पंधरा वर्षांची होती. ती रोज काट्यावर चढायला लागली आणि आकडा बघून तिचा चेहरा पडायला लागला. डब्यातली पोळी परत यायला लागली. वाढतं वय, हाडं भरायची वेळ, त्या वयात वजन वाढलंच पाहिजे! काटा मग माझ्या कपाटात गेला आणि तिच्यासमोर वजनाचा विषय बंद. ती खो-खो खेळते, भरपूर जेवते, एवढं मला पुरेसं आहे. यंत्र उपयोगी असलं तरी ते प्रत्येकाच्या हातात द्यायचं नसतं.

आता ज्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहिलं त्यांच्यासाठी. घरच्या सगळ्या चुलत, मावस, आते, मामे भावंडांनो! आपण सगळे एकाच ठेवणीचे आहोत. काटकुळे हात, बारीक पाय आणि तिशीनंतर हळूच पुढे येणारं पोट. लग्नाच्या अल्बममध्ये बघा, सापडेल. प्रत्येकाने काटा घ्यायची गरज नाही. दहा-वीस रुपयांचा शिंप्याचा टेप पुरतो. तोही नसेल तर एक दोरी घ्या, स्वतःच्या उंचीएवढी कापा, बरोबर निम्मी दुमडा आणि कमरेभोवती लावून बघा. टोकं भेटली तर उत्तम. नाही भेटली तर, बारीक असलात तरी, उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी तपासून घ्या. तिशी ओलांडलेल्यांनी तर दोरी न लावताच तपासा, कारण बाबांची साखर आपल्या सगळ्यांच्या रक्तात आहे.

बाबा बरे आहेत. गोळ्या आणि इन्शुलिन चालू आहे, पायात मऊ चप्पल असते, रात्री आई बॅटरी घेऊन त्यांचे तळवे तपासते. २०२० च्या पावसाळ्यात लावलेल्या पोफळींतल्या काहींनी आता शिपुटं टाकली आहेत. त्यांना पाणी घालायला ते सकाळ-संध्याकाळ वाडीत जातात, काठी टेकत, पण जातात. वजन अजून ५८ च आहे. आईने मागच्या महिन्यात करगोटा एक बोट आखूड केला.

असो. टेप कुठे ठेवलाय ते शोधा आता.